मुंडक्यातला दाणा

सकाळी सात वाजता गोल हौदात कटला माशाची आठ किलोची मादी पोट वर करून तरंगली आणि आठाच्या आत जांभूळधरा तलावाच्या काठावर चाळीस-पन्नास माणूस जमलं. आदल्या दिवशी इंजेक्शन दिलं तेव्हा यातली निम्मी माणसं नारळ फोडायला हजर होती. अंडी बघायला म्हणून ती आली होती. आता मढं बघायला थांबली.

मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष कारभारी आण्णा धोतर खोचून कठड्यावर बसले. साठीला आलेला, पण पाण्यातल्या कामाने ताठ राहिलेला माणूस.

"कडुबा, सुरा आण. पोटात काय व्हतं ते तरी कळू दे."

कडुबाने सुरा आणला. तो देताना त्याने बायकोकडे बघायचं टाळलं. रत्नमाला हौदाच्या पलीकडे उभी होती. तिची साडी गुडघ्यापर्यंत ओली होती आणि हातांना रात्रभर पाण्यात राहून सुरकुत्या पडल्या होत्या.

आण्णांनी एका रेषेत पोट फाडलं. आतून पिवळट चरबीचे लोळे बाहेर आले, ओंजळभर, मग आणखी ओंजळभर. चरबी बाजूला सारल्यावर पाठीच्या कण्याला चिकटलेल्या दोन पातळ पट्ट्या दिसल्या. तेच अंडाशय. त्यात दाणा म्हणावा असा एक नव्हता.

"पोरीला बाळंतपणाला माहेरी आणली," गर्दीतून फकिरा ओरडला, "आन पोर पोटुशीच नाय!"

लोक खदखदून हसले. रत्नमालाही हसली असती, दुसऱ्या कुणाची गोष्ट असती तर. कारण फकिरा बोलला ते अक्षरशः खरं होतं. फाल्गुनापासून तिने शेततळ्यात अंड्यांसाठी राखलेल्या पालक माशांना माहेरी आलेल्या लेकीसारखं खाऊ घातलं होतं. शेंगदाण्याची पेंड, हरभऱ्याचा भरडा, घरातली उरलेली भाकर. प्रशिक्षणात वजनाच्या दोन टक्के खाद्य सांगितलं होतं. तिने पाच दिलं. आधाशासारखं खाणारी ही मादीच सगळ्यात फुगली. मासा निवडायच्या वेळी आण्णा म्हणाले, हीच घ्या, आणि रत्नमालाच्या मनातही तेच होतं. तिच्या जोडीची सहा किलोची दुसरी मादी जिवंत होती, पण तिनेही अंडी टाकली नव्हती. दोघींना आणि नरांना मिळून दहा मिलीची अख्खी बाटली संपली होती.

आण्णांनी हात धुतले. "सूनबाई, मी शब्द दिलाय, पोळ्यापोतर. पोळ्याला अठरा दिवस हायेत. तवर जिरे निघाले तर हौद तुझा. नाय निघाले तर पुतण्या तिथं पाण्याच्या जारचा प्लांट टाकतोय. सोसायटीनं बीज दरसाली बाहेरून आणलंय, आवंदाबी आणंल."

जिरे म्हणजे अंड्यातून नुकतं निघालेलं माशाचं पिल्लू, जिऱ्याएवढं. ते बाहेरून ट्रकने, हवा भरलेल्या पिशव्यांतून यायचं. दीड दिवसाच्या प्रवासात निम्मं मरायचं आणि उरलेल्यात कुठला मासा किती, हे कुणालाच ठाऊक नसायचं. गोल हौद पाच वर्षांपूर्वी एका योजनेतून बांधला गेला होता आणि त्यात शेळ्या बांधल्या जात होत्या. गेल्या हिवाळ्यात रत्नमाला शहरात जाऊन तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आली आणि सभेत उभी राहून म्हणाली, एक हंगाम द्या. सोसायटीच्या सभेत बोलणारी ती पहिली बाई होती. बौद्धवाड्यातलीही पहिलीच.

*

प्रणयसाहेब हे मत्स्यविभागातले तरुण सहायक. गाव करमाड, नोकरी शहरात. त्यांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं.

"ताई, पोट दाबून बघितलं होतं का?"

"बघितलं ना. टम्म व्हतं."

"टम्म नको, मऊ पाहिजे. चरबीचं पोट घट्ट लागतं. अंड्याचं पोट पिकल्या चिकूसारखं दबतं, आणि मासा उताणा धरला की दोन्ही कुशींना पसरतं. इंजेक्शनात अंडी नसतात ताई. त्यात नुसता निरोप असतो. नदीत पुराचं पाणी आलं की माशाच्या मेंदूतून एक पदार्थ सुटतो, प्रथिनाचाच बारीक तुकडा म्हणा. तो मेंदूखालच्या ग्रंथीला उठवतो. मग ग्रंथी रक्तात आपला निरोप सोडते आणि तो अंडाशयाला पोचतो. एक निरोप दाणा भरायचा, तो उन्हाळाभर चालतो. दुसरा दाणा पिकवून सोडायचा. आपल्या तळ्यात पाणी वाहत नाही, म्हणून हा दुसरा निघतच नाही. तो आपण सुईने देतो. पण दाणा भरलेलाच नसेल तर निरोप घेणार कोण?"

रत्नमाला म्हणाली, "शेततळ्यात रोहूच्या दोन माद्या हायेत. बारक्या. त्यांना मोठ्या माशांनी खाऊच दिलं नाय नीट. त्यांचं पोट मऊ हाय, साहेब. मी काल जाळ्यात धरल्या तवा वाटलं, रोड हायेत म्हणून सोडल्या."

"त्याच! त्याच घ्या. पण लवकर. हंगाम सरत आलाय. आठ-दहा दिवस गेले की भरलेली अंडी अंगातच विरतात."

"बाटली पाठवा मंग."

"बाटल्या संपल्यात. नव्या यायला बारा-पंधरा दिवस."

रत्नमालाने मनात दिवस मोजले. हिशेब पोळ्याला टेकत होता, आणि अंडी त्याच्याही आधी विरून जाणार होती.

"पूर्वी बाटल्या नव्हत्या," प्रणय सहज बोलल्यासारखं बोलले. "तेव्हा माशाच्या डोक्यातून ती ग्रंथीच काढायचे. वाटून, गाळून टोचायचे. निरोप त्यातच असतो, तयार. पण ते काम जाणणारी माणसं आता राहिली नाहीत. बाजरीएवढी असते ती, हात लावला की फुटते."

फोन मोठ्या आवाजावर होता. ओसरीत सुऱ्याला धार लावत बसलेल्या मनकर्णाबाईने हात थांबवला. रत्नमालाची सासू, वय पासष्टच्या पुढे. अजिंठ्याच्या आठवडी बाजारात मासळी कापायला बसून तिला अडतीस वर्षं झाली होती.

"मेंदूखालचा दाणा का?" ती म्हणाली. "खळग्यात बसतो त्यो? पांढरा?"

"कोण बोलतंय?"

"मी, हिची सासू. त्यो दाणा मी दर मुंडक्यातून काढून फेकते. माझ्या सासूनं सांगितलेलं, त्यो ठिवला का रस्सा गढूळ व्हतो."

"आजी, तो... तो अख्खा निघतो का तुमच्या हातून?"

"फुटला तर मुंडक्याला लागतो ना बाबा. अख्खाच काढावा लागतो."

"आजी, बाजार कधी आहे?"

"परवा."

"मी येतो. तोवर एकही फेकू नका!"

"आता दोन दिस मी काय फेकू? मासळी बाजारात हाय," मनकर्णाबाई म्हणाली आणि पुन्हा सुरा दगडावर घासू लागली.

*

अजिंठ्याच्या बाजारात मासळीची ओळ सगळ्यात शेवटी, कोंबड्यांच्या जाळ्यांच्या पलीकडे. त्या ओळीतही मनकर्णाबाईची जागा टोकाची, गटाराला लागून. सुरुवातीला ती जागा तिला मिळाली कारण दुसरी कुणी देत नव्हतं. आता गिऱ्हाईक मुद्दाम टोकापर्यंत चालत यायचं, कारण तिच्यासारखं मुंडकं कुणी फोडत नव्हतं.

प्रणय मोटारसायकलवरून नऊलाच आले. सोबत अल्कोहोलची तपकिरी कुपी, चिमटा, भिंग आणि सोनाराकडे असतो तसला बारीक वजनकाटा. गोणपाटावर उकिडवे बसून त्यांनी पहिलं मुंडकं स्वतः घेतलं. सुरा कवटीत अडकला. दुसऱ्याला मेंदूचा लगदा झाला. तिसऱ्यात दाणा दिसला आणि चिमट्याने फुटला.

"साहेब, दगड फोडताव का?" मनकर्णाबाई म्हणाली. "सरका तिकडं."

तिने रोहूचं मुंडकं डाव्या पंजात धरलं. डोळ्यांच्या वरून तिरका एकच वार केला. कवटीचं झाकण पेटीसारखं उघडलं. मेंदू तिने सुऱ्याच्या टोकाने मागून पुढे अलगद उचलला. खाली हाडाच्या खळगीत पातळ पापुद्र्याखाली तो दाणा होता. उजव्या अंगठ्याचं जाड, पिवळं पडलेलं नख तिने पापुद्र्याच्या कडेला घातलं, आणि दाणा नखावर आला, अख्खा.

"घ्या."

प्रणयनी कुपी पुढे केली. दाणा तळाशी गेला. त्यांनी भिंगातून बघितलं आणि काही न बोलता भिंग खिशात टाकलं.

"ताजीच मासळी धरा आजी. आणि अंगात आलेली, अंड्यावरची."

"शिळ्याचे कल्ले मला दुरून दिसतात. आन अंगात आलेली म्हंजी काय ते मला शिकवताव व्हय?"

रत्नमाला ओळीतल्या सगळ्या दुकानांवर फिरली. ज्याचं मुंडकं फोडायचं असेल ते आमच्याकडे पाठवा, फुकट फोडून देऊ. मुंडकी येत गेली. गोजरबाई नावाचं जुनं गिऱ्हाईक कमरेवर हात ठेवून उभं राहिलं.

"मने, मुंडकं फोडून मागितलं मी. ह्यो साहेब भिंग घिऊन पंचनामा करतोय का त्याचा?"

"तुझ्या माशाच्या डोस्क्यात अक्कल हाय का बघतोय," मनकर्णाबाई म्हणाली. "तुझ्या वाट्याची."

"सापडली का?"

"बाजरीएवढी. ठिऊन घेतली आमी."

गोजरबाई हसत पिशवी घेऊन गेली आणि शेजारणीला सांगून आणखी दोन मुंडकी पाठवली. दुपारी दोनपर्यंत कुपीत छत्तीस दाणे जमले. मनकर्णाबाईला उठताना गुडघ्यांनी साथ दिली नाही. रत्नमालाने काखेत हात घालून तिला उभं केलं.

"आत्याबाई, हात दुखतेत का?"

"हात नाय दुखत. अडतीस साल निरोप गटारात फेकला, त्याचं दुखतंय."

*

शेतीची वीज त्या आठवड्यात दिवसाची होती, सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. पुढच्या आठवड्यात ती रात्रीवर जाणार होती. म्हणून सुई पहाटे द्यायची ठरली, म्हणजे अंडी दिवसाउजेडी पडतील आणि तोवर वरची टाकी भरून घेता येईल. वीज गेल्यावर त्या टाकीच्या पाण्यावर हौद रात्रभर फिरता ठेवायचा, हे काम कडुबाने स्वतःकडे घेतलं. पाइपाला नवा कॉक बसवून त्याने तो वीस वेळा उघडझाक करून बघितला.

पहाटे पाचला शेततळ्यात जाळं ओढलं. आण्णा बॅटरी घेऊन काठावर होते. जाळ्याच्या पोटात मासे उसळले. रत्नमाला छातीभर पाण्यात उतरली आणि एकेक मासा हातात घेऊ लागली. नर ओळखणं सोपं होतं: कल्ल्याजवळचा पर कानशीसारखा खरखरीत, पोट दाबलं की दुधासारखा थेंब. असे चार घेतले. माद्यांना तिने वेळ दिला. अंगठा पोटावरून मागे नेला, उताणं करून धरलं, डोळे मिटून पुन्हा दाबलं.

"ती घे की, ती मोठी," आण्णा वरून म्हणाले. बॅटरीचा झोत एका रुंद पाठीवर होता.

"ती नाय."

"आगं ह्या दोन मरतुकड्या, अडीच-तीन किलोच्या. ह्यांच्यातून काय निघंल?"

रत्नमालाने हातातली रोहू पाण्याखालीच धरून ठेवली. "आण्णा, मागल्या खेपंला मासा तुमी दाखिवला आन मी मान डोलावली. चूक माझी. या खेपंला मी नाय डोलावणार."

जाळ्याचं दुसरं टोक धरलेला फकिरा हसायच्या बेतात होता. तो हसला नाही.

"आन नाय जमलं तर?"

"तर पोळ्याची बी वाट बघू नका. उद्याच गवंडी आणा."

साडेपाचला हौदालगतच्या घराच्या ओसरीत दाणे वाटले. प्रणयनी वजन केलं, मनकर्णाबाईने औषधाच्या लहान खलात घोटलं, वर डिस्टिल्ड वॉटर. दुधट पाणी तळाशी बसू दिलं आणि वरचं निवळ सिरिंजमध्ये ओढलं. रत्नमालाने ओल्या फडक्यात गुंडाळलेली रोहू मांडीवर घेतली, पाठीच्या पराखाली एक खवला सुईच्या टोकाने उचलला आणि तिरकी सुई घातली. मासा एकदा झटकला. तिच्या तळव्याला खवल्याने चीर पडली. पहिली मात्रा लहान. सहा तासांनी, साडेअकराला, मोठी. त्या वेळी नरांनाही दिली आणि सहाही मासे गोल हौदात सोडले. पंप सुरू होता. पाणी हौदात गोल फिरू लागलं, नदीसारखं नाही, पण फिरू लागलं.

मग काही करायचं उरलं नाही. भाकरी आली, ती रत्नमालाने खाल्ली नाही. एक वाजला. दोन वाजले. मासे तळाशी होते. आभाळ भरून आलेलं, पण थेंब नव्हता.

साडेतीनला आण्णा आले. सोबत पुंडलिक गवंडी, हातात फीत.

"उद्याच आणा म्हणलीस. मी म्हणलं आजच मोजून ठिवावं," आण्णा म्हणाले.

रत्नमालाने पाण्यावरची नजर हलवली नाही. "मोजा. पर सावली पाण्यात पाडू नका."

पुंडलिकने फीत हौदाच्या बाहेरून गुंडाळायला सुरुवात केली. कडुबा कॉकपाशी बसून जमिनीकडे बघत होता. पुंडलिक अर्ध्यापर्यंत आला आणि थांबला.

"आण्णा, पाणी कामून हाललं?"

हौदाच्या मध्यावर पाण्याला फुगवटा आला होता. तो फुटला आणि मादीची पाठ दिसली, तिच्या दोन्ही कुशींना दोन नर अंग घासत पळत होते. शेपट्या पाण्यावर आपटू लागल्या. दुसरी मादी वर आली, तिच्या मागे उरलेले दोघे. एक फेरी, दुसरी फेरी. पाणी कठड्यावरून बाहेर उडालं आणि पुंडलिकच्या तोंडावर बसलं. त्याने पुसलं नाही.

"आत्याबाई!" रत्नमाला ओरडली. एवढंच.

मनकर्णाबाई ओसरीतून गुडघे धरत आली. रत्नमालाने कापडी चाळणी पाण्यात घातली आणि वर काढली. चाळणीत भिजवलेल्या साबुदाण्यासारखे दाणे होते, पारदर्शक, प्रत्येकाच्या आत टाचणीच्या टोकाएवढा ठिपका.

"किती असतील?" कडुबाने विचारलं. सबंध दिवसात तो पहिल्यांदा बोलला.

फिरणाऱ्या पाण्यात दाणेच दाणे होते. काठापासून मध्यापर्यंत हौद त्यांनी भरून आला होता.

प्रणयनी काचेच्या ताटलीत शंभर अंडी मोजून घेतली. पांढरी पडलेली, म्हणजे वाया गेलेली, सोळा. चौऱ्याऐंशी स्वच्छ. त्यांनी पुन्हा मोजली, आणि तेव्हाही चौऱ्याऐंशीच भरली.

पाचला वीज गेली. कडुबाने कॉक उघडला आणि टाकीचं पाणी त्याच धारेने हौदात फिरत राहिलं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास अंड्यांची साल सुटली. जिरे एवढे बारीक की आधी पाण्यालाच कंप सुटल्यासारखं वाटलं. तीन दिवस ते हौदात आपल्याच पोटाखालच्या बलकाच्या पिशवीवर जगले. तिसऱ्या दिवशी त्यांना संगोपन तळ्यात सोडायचं होतं. तोवर खबर सोयगावपर्यंत गेली होती आणि शेजारच्या दोन सोसायट्यांची माणसं बघायला आली होती. काठावर पहिल्या दिवसापेक्षा जास्त गर्दी होती.

जिरे वाटीने मोजतात. वीस मिलीची जाळीची वाटी, एका वाटीत दहा हजारांच्या आसपास. रत्नमाला वाटी भरायची, कडुबा मोठ्याने आकडा बोलायचा, मनकर्णाबाई बादलीत घ्यायची. अकरा. बारा. तेरा. पस्तीसला हौद रिकामा झाला.

"साडेतीन लाख," प्रणय म्हणाले.

शेजारच्या सोसायटीचा माणूस आण्णांना म्हणाला, "अध्यक्ष, आमाला पुढल्या साली तुमच्याकडूनच बीज द्या की."

आण्णांनी गर्दीकडे बघितलं, मग रत्नमालाकडे. "मला काय इचारताव? हौद तिचा हाय. तिला इचारा." मग पुतण्याला हाक मारून म्हणाले, "तू दुसरीकडं जागा बघ रं."

फकिराने शिट्टी मारली. मनकर्णाबाईच्या भोवती बायका गोळा झाल्या होत्या आणि ती अंगठ्याचं नख वर करून दाखवत होती.

बादल्या संगोपन तळ्यावर नेल्या. पहिली वाटी अध्यक्षांनी सोडावी असं कुणीतरी म्हटलं. आण्णा पुढे आले, वाटी घेतली आणि काठावर उभं राहूनच हात लांब केला.

"आण्णा, थांबा," रत्नमाला म्हणाली. "वरून नाय टाकायचे. इतक्या उंचीवरून पडले तर मरतेत."

"मंग?"

"खाली बसा. वाटी पाण्यात बुडवा. आधी तळ्याचं पाणी आत येऊ द्या, मंग तिरकी करा. ते आपसूक जातेत."

काठ निसरडा होता. आण्णांनी एकदा मागे बघितलं. सगळं गाव बघत होतं. मग त्यांनी धोतर आवरलं आणि चिखलात दोन्ही गुडघे टेकले. वाटी पाण्यात बुडवली.

"आशी?"

"आजून वाका," रत्नमाला म्हणाली.

ते वाकले. वाटीतून धुरकट काहीतरी हळूच बाहेर सरकलं, पाण्यात पसरलं आणि जिवंत होऊन चारी दिशांना गेलं. आण्णा तसेच वाकून त्याच्याकडे बघत राहिले.

रत्नमालाने दुसरी वाटी भरून त्यांच्या हातात दिली.